हार्प एकच घ्यायची असेल तर १५ तारांची घेऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोठेपणी वाद्य शिकायला घेणाऱ्यांसाठी लेख आला होता, त्यात चक्क हार्पचं नाव बघून फार बरं वाटलं, मराठी पेपरात हार्पवर दोन ओळीसुद्धा सहसा येत नाहीत, त्यामुळे आधी लेखकाचे मनापासून आभार. पण त्यात एक सल्ला दिलाय की सुरुवातीला १५ किंवा १९ तारांची छोटी हार्प घ्यावी, स्वस्तात मिळते, मांडीवर मावते, आणि जमलं तर पुढे मोठी घेता येते. ह्या सल्ल्यावर मला लिहायलाच हवं. मी एडिनबरात राहते, घरात वाद्य एकच आणि ते म्हणजे हार्प, पियानो नाही, पेटी नाही, काही नाही. तुमचा लेख आला त्याच दिवशी पुण्याहून भाचीचा मेसेज, "मावशी, पेपरात दिलीये तशी १५ तारांची ऑनलाइन बघून ठेवलीये, मागवू का?" तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहिते, कारण तिच्यासारखे अजून कितीतरी जण तो लेख वाचून विचारात पडले असतील.

ज्याच्या घरी आधीच पियानो किंवा पेटी आहे आणि हार्प हा बाजूचा छंद आहे त्याने छोटी घेतली तर काही बिघडत नाही, उरलेलं संगीत तो दुसऱ्या वाद्यावर वाजवतोच. पण ज्याचं एकमेव वाद्य हार्प असणार आहे त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्याला चालही तिच्यावरच वाजवायची, साथही तिच्यावरच, रियाजही तिच्यावरच, आणि "पुढे मोठी घेऊ" हे आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत होत नाही हो, पैसे एकदाच बाजूला काढलेले असतात, घरात जागाही एकाच वाद्याची असते, आणि छोटीवर दोन वर्षं काढून कंटाळा आला की माणूस समजतो आपल्यालाच येत नाही, खरं तर तारा संपलेल्या असतात. एकच घ्यायचीये ना, मग माप आधी ठरवा, किंमत नंतर.

आता हे माप कसं बघायचं. दुकानात हार्पची उंची सांगतात, लाकूड सांगतात, नक्षी दाखवतात, पण खरं माप म्हणजे तारा किती आणि सगळ्यात खालची तार कुठल्या सुराची. हार्पला एका सप्तकात सातच तारा असतात, कोमल-तीव्र सुरांच्या वेगळ्या तारा नसतात (ते सूर कसे मिळतात ते पुढे सांगते, तो भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे). सी च्या तारा लाल आणि एफ च्या काळ्या किंवा निळ्या, म्हणजे सी ला, पेटीवरच्या पांढरी एकला, सा धरला तर सगळे सा लाल आणि सगळे शुद्ध म काळे, त्यावरून हात कुठे आहे ते कळतं. १५ तारा म्हणजे दोन सप्तकं आणि वर एक सूर, बस. २६ तारांची हार्प साधारणपणे मधल्या सी च्या (पियानोच्या मधोमध येतो तो) एक सप्तक खालच्या सी पासून सुरू होते आणि साडेतीन सप्तकं जाते, म्हणजे आपल्या साडेतीन सप्तकी पेटीएवढी. ३४ तारांची अजून एक सप्तक खाली उतरते, मधल्या सी च्या दोन सप्तकं खालचा सी तिची शेवटची तार, आणि वर ए पर्यंत, म्हणजे जवळपास पाच सप्तकं. ३६ ला खाली अजून दोन तारा मिळतात, ३८ ला खाली दोन आणि वर दोन. आणि ऑर्केस्ट्रातली जी मोठी पेडल हार्प ती ४७ तारांची.

म्हणजे २६ आणि ३४ मधला फरक नुसता आठ तारांचा दिसतो पण त्या आठातल्या सात तारा खाली जातात, एकच वर. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा प्रश्न डाव्या हाताचा आहे. उजवा हात चाल वाजवतो, त्याला दोन-अडीच सप्तकं खूप झाली. डावा हात खाली आधार देतो, आणि छोट्या हार्पवर त्या डाव्या हाताला बसायला जागाच नसते, तो वर सरकत सरकत उजव्याच्या तारांवर येतो, एकाने छेडलेली तार दुसऱ्याच्या बोटाखाली दाबली जाते, आवाज मध्येच बंद पडतो.

गाणाऱ्या बायकांसाठी तर अगदी नेमकं सांगते. समजा तुमची पट्टी काळी चार आहे. तंबोऱ्यावर चार तारा, प, दोन जोडीच्या सा, आणि चौथी खर्जाची. तुमच्या गळ्याचा मध्य सा जो असतो तो २६ तारांच्या हार्पवर सगळ्यात खालचा सा असतो. त्याच्या खाली मंद्र प मिळतो, पण खर्ज मिळत नाही, ती तारच नाही त्या हार्पला. ३४ तारांवर आहे. संध्याकाळी बसून डाव्या हाताने खर्ज, प, सा असं हळूहळू छेडायचं, तारा आपण बंद करेपर्यंत घुमत राहतात, आणि त्यावर आपण गायचं किंवा उजव्या हाताने आलापी करायची, हे ज्याला एकट्याला एका वाद्यावर करायचंय त्याला तो खर्ज हवाच. इथल्या स्कॉटिश किंवा आयरिश संथ चाली घेतल्या तरी तेच, छापील पुस्तकं मुख्यतः ३४ तारा धरून लिहिलेली असतात, कमी तारांच्या हार्पवर डाव्या हाताचे सूर एक सप्तक वर उचलून वाजवावे लागतात. कधीमधी चालतं, पण प्रत्येक पानावर तेच करावं लागलं की चालीचं वजनच जातं.

आता लिव्हर. पुरवणीतल्या लेखात ह्याचा उल्लेखच नव्हता आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी, खुंटीच्या खाली, एक छोटा खटका असतो, त्याला लिव्हर म्हणतात. तो वर केला की तार तेवढी आखूड होते आणि सूर अर्ध्या स्वराने चढतो. खाली केला की परत मूळ सूर. अशा हार्पवर कोमल-तीव्र मिळवायचा हाच मार्ग, नाहीतर दर वेळी किल्ली घेऊन खुंटी पिळत बसा. स्वस्तातल्या हार्पला एक तर लिव्हर नसतातच, किंवा नुसते एफ आणि सी च्या तारांना असतात. नुसते एफ आणि सी चे असले तर तुम्ही पांढरी एक, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा तीन पट्ट्यांत बिलावल वाजवू शकता, पांढरी एकला यमनही वाजेल, आणि तिथे खेळ जवळजवळ संपतो.

सगळ्या तारांना लिव्हर असले तर हार्प ई-फ्लॅट मेजरला (मेजर म्हणजे आपला बिलावल) लावून ठेवतात, म्हणजे सगळे खटके खाली असताना बी, ई आणि ए ह्या तारा कोमल असतात. त्यातून इथल्या पद्धतीने मोजल्या तर आठ मेजर पट्ट्या मिळतात. पण आपल्या कानाला त्याहून मोठी मजा अशी की ह्याच ट्यूनिंगमध्ये एकही खटका न हलवता काळी चारला सा धरा, आयता यमन लागतो, तीव्र म सकट! कुणी मुद्दाम आपल्यासाठी लावून ठेवल्यासारखा. मग एफ, ए आणि सी चे खटके वर करा, बाकीचे खाली राहू द्या, आणि सा पांढरी दोनला धरा, भैरव. कोमल रे, कोमल ध, मध्ये शुद्ध ग आणि शुद्ध नी, सगळं जागच्या जागी. हे मी पेटी जवळ घेऊन एकेक सूर लावून पाहायला सांगते लोकांना, कारण ऐकल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. मींड हार्पवर निघत नाही हे खरंय, आणि यमनात मध्येच शुद्ध म घ्यायचा तर डावा हात तारा सोडून खटक्याकडे न्यावा लागतो, तो वेळेत परत आणायला सराव लागतो. पण इतके राग एका वाद्यावर मिळतात ते फक्त सगळ्या तारांना लिव्हर असतील तर. म्हणून बजेट कमी असेल आणि ३४ तारा बिनलिव्हरच्या की २९ तारा सगळ्या लिव्हरच्या असा प्रश्न आला तर मी डोळे मिटून २९ वाली घ्या म्हणेन. आणि हो, किंमत विचारताना लिव्हर धरून आहे का ते वेगळं विचारा, काही कारागीर लिव्हरचे पैसे वेगळे लावतात आणि ते काही थोडे नसतात.

एवढं सगळं लहान हार्पच्या विरोधात लिहिलं म्हणून लहान हार्प कमी दर्जाची असं कृपा करून कुणी समजू नये. इथे एडिनबरात चेंबर्स स्ट्रीटवर नॅशनल म्युझियममध्ये क्वीन मेरी हार्प ठेवलीये, १५व्या शतकातली मानतात, उंची जेमतेम ८० सेंटीमीटर, तारा आधी २९ आणि नंतर एक वाढवून ३०. अंगभर कोरीवकाम, आणि काचेजवळ जाऊन बघितलं तर खुंट्यांची रांग कशी वाकत गेलीये ते दिसतं. डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजमध्ये तिचीच बहीण शोभेल अशी दुसरी आहे, आयर्लंडच्या नाण्यांवर जी हार्प दिसते ती तिच्यावरूनच घेतलीये. ह्या लहान हार्प वाजवणारे लोक पोटापाण्यासाठी आयुष्यभर तेवढंच एक वाद्य वाजवायचे. पण त्यांना धातूच्या तारा होत्या, जुने वादक नखांनी वाजवायचे, धातूची तार इतका वेळ घुमते की थोड्या तारांतही आवाज भरून राहतो, आणि मुख्य म्हणजे त्यांचं संगीतच त्या वाद्यासाठी तयार झालेलं होतं. १७९२ साली बेलफास्टला उरलेसुरले जुने हार्पवादक एकत्र बोलावले होते, एडवर्ड बंटिंग नावाच्या १९ वर्षांच्या पोराने बसून त्यांच्या चाली लिहून घेतल्या, तेव्हा नखांनी जुन्या पद्धतीने वाजवणारा डेनिस हेम्पसन हा एकच उरला होता आणि तो नव्वदीच्या पुढे होता. ती परंपरा शिकायची असेल तर धातूच्या तारांचा लहान क्लारसाख (हार्पचं इथलं नाव) जरूर घ्या, त्याचे शिकवणारेही इथे आहेत. पण आज ऑनलाइन जी १५ तारांची मिळते तिचा आणि क्वीन मेरी हार्पचा काहीएक संबंध नाही, नायलॉनच्या दोन सप्तकांतून तो घुमारा येणार कुठून?

मग २६ ते २९ तारांची घ्यावी कुणी? ज्याला हार्प रोज उचलून न्यायचीये त्याने. मी जिथे राहते तिथे जुन्या दगडी इमारती, गोल जिना, लिफ्ट नाही, आणि ३४ तारांची हार्प लाकडानुसार दहा ते पंधरा किलोच्या घरात जाते, वर केसचं वजन. वजनापेक्षा आकार त्रास देतो, जिन्याच्या वळणावर खांब आधी घ्यायचा की बूड आधी ह्याचा अंदाज यायला वेळ लागतो, बसमध्ये बाबागाडीच्या जागेत उभी करावी लागते. त्यामानाने २६-२७ तारांची पाठीवर अडकवून माणूस चालत जातो. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या कॉटशेजारी बसून वाजवणारे लोक आहेत इकडे, ते अशीच वापरतात. ज्यांच्या खांद्याचं दुखणं आहे, ज्यांना एकट्यानेच उचलायचीये, वयाने ज्येष्ठ आहेत, त्यांनी ३४ च्या हट्टापायी वाद्य घरात कोपऱ्यात उभं करून ठेवण्यापेक्षा २९ घ्यावी आणि रोज वाजवावी, फक्त सगळ्या तारांना लिव्हर हवेत, हे परत एकदा.

लहान मुलांचं पण असंच. आई-वडील म्हणतात मूल लहान आहे तर हार्प लहान. पण मांडीवरची हार्प मुलाला सांभाळणं जास्त अवघड जातं, ती सरकते, एक हात ती धरण्यात जातो, खांदे वर चढतात. मुलाला जमिनीवर स्थिर उभी राहणारी, बुटकी, किंवा छोट्या स्टुलावर ठेवता येणारी हवी. कपडे घेताना आपण वाढत्या अंगाचे घेतो ना, तसं हार्पमध्ये मात्र उंचीने आताची आणि तारांनी वाढत्या अंगाची बघावी.

मोठ्या पेडल हार्पबद्दल थोडक्यात. मुंबईला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर हार्प म्हटलं की तीच येते. सूर बदलायला पायाने दाबायची सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा, सेबास्तियन एरार ह्याने १८१० साली ती यंत्रणा लंडनमध्ये पेटंट केली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. पाच-सहा फूट उंची, ३५ ते ४० किलो वजन, आणि नवी घ्यायची तर दहा हजार पौंडांच्या वरच. ऑर्केस्ट्रात किंवा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात खरोखर करिअर करायचंय त्याला तिच्याशिवाय पर्याय नाही. पण तिथेही सहसा कुणी पहिल्याच दिवशी पेडलवर बसत नाही, ज्याला पुढे तिकडे जायचंय तो ३८ तारांची, पेडल हार्पसारख्या ताणाची आणि तारांमध्ये तेवढंच अंतर असलेली लिव्हर हार्प घेतो, म्हणजे बोटांना तीच सवय लागते. बाकीच्यांनी ३८ च्या मागे लागू नये, त्या तारा जास्त कडक असतात आणि घरी आनंदाने वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

विकत घ्यायच्या आधी बसून बघणं, ह्याला पर्याय नाही म्हणजे नाहीच. बिनहाताच्या खुर्चीवर बसायचं, हार्प दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन अलगद मागे झुकवायची, ती उजव्या खांद्यावर टेकते. बरोबर मापाची असली तर एका ठिकाणी तिचं वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं, ना ती पुढे पडत ना खांद्यावर दाबत. तिथे थांबा. आता डावा हात सगळ्यात खालच्या तारेपर्यंत न्या. कंबर वाकली, मान पुढे गेली, तर एक तर खुर्ची बदला नाहीतर हार्प. मग एकेक तार मोकळी छेडायची आणि लगेच खटका वर करून छेडायची, दर वेळी सूर बरोबर अर्धा स्वर चढला पाहिजे, आणि आवाज बसका व्हायला नको, तार करकरायला नको. वापरलेली हार्प असेल तर वरून मानेकडे, म्हणजे खुंट्या बसवलेल्या वरच्या लाकडाकडे बघायचं, शेकडो किलोचा ताण वर्षानुवर्षं एका बाजूने ओढत असतो, त्याने मान तारांच्या बाजूला पिळलीये का ते दिसतं. पुढची पातळ फळी, साउंडबोर्ड, थोडी फुगलेली असते, त्याला घाबरू नका, ते होतंच. भेग गेलेली असेल किंवा मानेच्या जोडाशी फट दिसत असेल तर मात्र तिथूनच नमस्कार करून परत फिरा, कितीही स्वस्त असली तरी.

आणि जमत असेल तर आधी भाड्याने घ्या. इथे क्लारसाख सोसायटी म्हणून संस्था आहे, १९३१ सालची, ती सभासदांना हार्प भाड्याने देते, मी पण विकत घ्यायच्या आधी त्याच रस्त्याने गेले, २७ तारांची घरी आणली आणि ३४ तारांची ओळखीच्या बाईंकडे जाऊन वाजवत राहिले, काही महिन्यांत डाव्या हातानेच निकाल दिला. दर वर्षी वसंतात एडिनबरा आंतरराष्ट्रीय हार्प महोत्सव भरतो, तिथे कारागीर आपापल्या हार्प मांडून बसतात, एका हॉलमध्ये लहान-मोठ्या सगळ्या वाजवून बघता येतात, कुणी हाकलत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बरीच मराठी मंडळी आहेत, ज्यांच्या मुलांना शाळेत हार्प ऐकून हौस वाटलीये त्यांनी आधी तिकडे चक्कर मारावी.

भारतात राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे हे मला मान्य आहे, तिथे भाड्याची सोय सहजी मिळत नाही, बसून बघायलाही मिळत नाही, म्हणून फोटो बघून मागवलं जातं. फोटोत सगळ्यात सुंदर दिसते ती शिसवीची, भरपूर कोरीवकाम केलेली, किंमत ऐकून कुणालाही मोह व्हावा अशी. पण जड लाकूड आणि नक्षी म्हणजे आवाज नव्हे, आवाज पातळ फळीतून येतो, आणि स्वस्तातल्या अशा हार्पच्या खुंट्या सूर धरत नाहीत, लिव्हर लावलेले असतात पण अर्ध्या स्वराला येऊन थांबत नाहीत, आणि तार तुटली तर तिचं माप कुठलं हे विकणाऱ्याला सांगता येत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, तारांचा तक्ता आहे का? म्हणजे कुठल्या तारेची जाडी किती, नायलॉन का गट (आतड्यापासून केलेली) का कार्बन. नीट बनवलेल्या प्रत्येक हार्पचा असा तक्ता असतो. नसेल तर घेऊ नका. (तारा मागवताना सप्तकं वरून मोजतात हेही माहीत असू द्या, मधला सी म्हणजे "फोर्थ ऑक्टेव्ह सी", खालून मोजून मागवली तर भलतीच तार येते.)

हवामानाचाही विचार हवा. हार्पला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणातला पावसाळा त्याच्या कितीतरी वर जातो, आणि एसीच्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत असं केलं की गटच्या तारा पटापट तुटतात. तिकडे राहणाऱ्यांनी नायलॉन किंवा कार्बनच्या तारांची घ्यावी, भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवावी, आणि रोज सूर लावायची तयारी ठेवावी. नव्या हार्पच्या तारा पहिले काही महिने खाली उतरतच राहतात, त्यात हार्प बिघडली असं काही नसतं. ३४ तारा लावायला सवय झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तो वेळ कानाला फार काही शिकवून जातो, तंबोरा लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

किमतीचं म्हणाल तर इथे सगळ्या लिव्हरची, नीट बनवलेली ३४ तारांची हार्प नवी घ्यायची तर दोन-तीन हजार पौंडांपासून पुढे. रक्कम मोठी आहे, नाही कोण म्हणतं. पण चांगल्या कारागिराच्या वापरलेल्या हार्पला गिऱ्हाईक मिळतं, गरज पडली तर बरेच पैसे परत येतात. नक्षीच्या १५ तारांच्या हार्पला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझी विनंती एवढीच आहे. पुरवणीत वाद्यांचा जो तक्ता छापता त्यात वाद्याचं नाव, किंमत आणि कुठे मिळेल असे तीन रकाने होते. त्यात अजून दोन घाला, सप्तकं किती आणि कोमल-तीव्र सूर कसे निघतात. फक्त हार्पसाठीच नाही, लोक कलिंबा घेतात, लायर घेतात, छोटे कीबोर्ड घेतात, सगळ्यांनाच हे दोन रकाने कामाला येतील, आणि विकत घेणाऱ्याला दुकानात काय विचारायचं ते कळेल. आणि हार्पच्या ओळीत १५ तारांच्या जागी "२६ ते ३४ तारा, सर्व तारांना लिव्हर" अशी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापलीत तर फार बरं होईल, मला तर वाटतं दिवाळीची खरेदी सुरू व्हायच्या आत छापाच.

आपली,
एक वाचक, एडिनबरा